हात न लावलेली गाठ

बीबी, ता. लोणार
४ डिसेंबर २०२४

चिरंजीव शेखर,

मी प्रसेनजितचा बाप, सहदेव मुकादम. दोन वर्षांमागे सुट्टीत तू त्याच्यासंगं आमच्या घरी आला होतास अन् त्याच्या आईच्या, केसरबाईच्या हातचा ठेचा खाऊन डोळे-नाक पुसत बसला होतास. आठवत असेल. दुसऱ्या दिवशी बाजारात सोयाबीनच्या ट्रकवर मी दोर आवळला अन् तू येऊन माझी गाठ ओढून पाहिलीस. मी तुझ्या हातावर असा फटका दिला की सगळी हमालटोळी हसली. प्रसेनजित म्हणाला, "बावा, त्याले माहीत नाही आपला कायदा." मग मीच तुला सांगितलं, आमच्या टोळीत दुसऱ्यानं मारलेल्या गाठीला हात लावत नाहीत. ज्यानं मारली त्यानं 'झालं' म्हटलं की झालं. हात लावला म्हणजे त्याला खोटा ठरवला. तू कान पकडलेस. तेव्हापासून तू मला घरचाच वाटतोस.

फोन न करता पत्र काऊन लिहितो, तर उजवा कान गेला आहे. अन् फोनवर माणूस हो-हो म्हणून सुटतो, कागदावर सुटता येत नाही. शाळा चौथीत सुटली. पुढची अक्षरं कट्ट्यांवरच्या, म्हणजे पोत्यांवरच्या छापातून अन् विहारातल्या पुस्तकांतून शिकलो. लिहिताना मी पुस्तकाची भाषा धरतो. डोकं फिरलं की घरची सुटते, तेवढं समजून घे.

पेटी आली. फौजेची माणसं अदबीनं वागली, सलामी दिली. पण पेटी उघडू दिली नाही. त्यांचा साहेब म्हणाला, "बाबा, जसा होता तसाच ध्यानात ठेवा." शेखर, मी चाळीस वर्षं वजन उचललेला माणूस आहे. खांदा देताच मला कळलं की पेटीत माझं पोरगं पुरतं नाही. पंच्याऐंशी किलोचा गडी होता तो. माझ्या खांद्यावर अर्धाही नव्हता. बाकीचा कुठं राहिला, हे कोणी सांगत नाही. केसरबाई विचारते, मी म्हणतो, "विमानाच्या लाकडाची पेटी हलकीच राह्यते." तिला ते पटलं नाही.

पेपरात एवढंच आलं की फौजेचं मालवाहू विमान डोंगरातल्या धावपट्टीवरून उठलं अन् पडलं. बारा मेले, तीन वाचले. त्या तिघांत तू आहेस, याचा मला आनंद आहे, हे खोटं लिहीत नाही.

आता तू सांग. माझं पोरगं कसं गेलं? गोड करून सांगू नको.

तुझा,
सहदेव मुकादम

•

लष्करी रुग्णालय
१७ डिसेंबर २०२४

आदरणीय बाबा,

जय भीम. तुमचं पत्र चार दिवस उशीखाली ठेवलं होतं. माझा डावा हात कोपराखाली कापला आहे. उजवा शाबूत आहे, म्हणून लिहितोय. आई देऊळगाव राजाहून आली होती. तिला हात दाखवला नाही, पांघरुणाखाली ठेवला.

तुम्ही गोड करू नको म्हणालात, तर ऐका. सकाळचे साडेसात झाले होते. विमानात चाकांच्या गाड्यावर बसवलेला एक मोठा जनरेटर होता, तीन टनांच्या वरचा. पुढच्या बाजूला आम्ही माणसं बसलो होतो. प्रसेन लोडमास्टर, म्हणजे तुमच्या भाषेत विमानातला मुकादम. माल चढवणं, बांधणं, तपासणं सगळं त्याच्या हुकमात. विमान उठलं. दोन-तीनशे फूट गेलो असू. अचानक नाक वर गेलं. इतकं वर, की मी पाठीवर झोपल्यासारखा झालो. मग एका कुशीवर कोसळलो.

पडल्यावर इंधन पसरलं आणि पेटलं. पट्ट्यांत अडकलेली माणसं उलटी लोंबकळत जळत होती. माझ्या शेजारचा शिपाई पट्टा सोडायला माझा हात मागत होता आणि माझा हात पत्र्याखाली होता. त्याचं ओरडणं थांबलं तेव्हा मला बरं वाटलं, बाबा. हे मी कुणाला सांगितलं नाही.

प्रसेन मागच्या बाजूला होता. त्याला काही कळलंही नसेल. एका क्षणात झालं.

वारा होता. डोंगरातला वारा कुठून येईल सांगता येत नाही. चौकशी समितीलाही मी तेच सांगितलं.

आईंना नमस्कार. मयुरीवहिनींना काय लिहू, सुचत नाही.

आपला,
शेखर

•

बीबी
६ जानेवारी २०२५

चिरंजीव शेखर,

तुझा हात गेल्याचं वाचून केसरबाईनं चूल विझवली. त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही.

आता इकडचं ऐक. आमच्या सुनेच्या, मयुरीच्या नावानं चौकशीचं पहिलं पत्र आलं. त्यात लिहिलं आहे की माल नीट न बांधल्यानं तो सरकला असावा, अन् बांधणी तपासण्याची जबाबदारी लोडमास्टरची होती. पुढची चौकशी चालू आहे. बस, एवढंच. पण ते 'लोडमास्टर' गावभर झालं.

गेल्या सोमवारी चहाच्या टपरीवर राजकुमार ट्रकवाला बसला होता. वीस वर्षं मी त्याचा ट्रक भरतो. तो हसत नव्हता, वाईट वाटून बोलला, "मुकादम, पोट्ट्यानं गाठच ढिली ठेवली म्हन्ते. अकरा जन संगं नेले." माझ्या कमरेला आकडा होता, कट्टा ओढायचा तो लोखंडी. तो हातात कधी आला, मला माहीत नाही. राजकुमारच्या खांद्यात गेला, हाडाला लागून अडकला. मी ओढला तेव्हा मांस निघालं. त्याचं रक्त त्याच्याच चहात पडत होतं अन् मी दुसरा वार मानेवर धरला होता. टोळीतल्या चौघांनी मला खाली पाडून माझ्या छातीवर बसून आकडा सोडवला. ठाण्यात दिवसभर बसलो. राजकुमारनं तक्रार दिली नाही. म्हणाला, "पडताना लागलं." त्याच्यासमोर जायला मला तोंड नाही.

माझी नात महामाया सहा वर्षांची. शाळेत जात नाही. पोरं म्हणतात, तुझ्या बापानं विमान पाडलं. ती मला विचारते, "आबा, पाडलं का?" मी तिला काय सांगू? तुझ्याकडून मला तेवढंच पाहिजे. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही.

अन् तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचतो. विमानाचं मला काही कळत नाही, पण गाडीचं कळतं. माल मागं सरकला की बैलगाडी उलार होते. जू वर उचलतं अन् बैल गळ्यातल्या पट्ट्यानं लटकतो. वाऱ्यानं मी कधी गाडी उलार झालेली पाहिली नाही. तू लिहितोस, नाक वर गेलं. म्हणून विचारतो. ते जनरेटर कुठं सापडलं? पुढं की शेपटीकडं?

तुझा,
सहदेव

•

लष्करी रुग्णालय
२१ जानेवारी २०२५

आदरणीय बाबा,

डॉक्टरांनी जास्त लिहू नका म्हणून सांगितलं आहे. चौकशी चालू असताना पत्रं लिहू नयेत, असंही वरून सांगितलंय.

जनरेटर शेपटीकडे सापडला. पण पडताना सगळंच तिकडे गेलं असेल. त्यावरून काही ठरत नाही.

प्रसेन मला भावासारखा होता. कृपा करून पुन्हा विचारू नका. महामायेसाठी बाहुली पाठवतोय.

शेखर

•

बीबी
३ फेब्रुवारी २०२५

शेखर,

बाहुली वापस पाठून राह्यलो. लेकरानं तिचं नाव बी ठेवलं होतं. तिच्या हातातून हिसकून घेतली मी. ती रडली नाही, नुसती माह्याकडं पाहात राह्यली. तुह्यापायी मी माह्या नातीसमोर राक्षस झालो.

आज पुस्तकाची भाषा येत नाही. येऊ बी नये.

तू मले येडा समजतं का बे? मालाले दोन बाजू राह्यतात. एका बाजूले मुकादम उभा राह्यते, दुसऱ्या बाजूले त्याचा जोडीदार. आमच्या ट्रकले असंच, तुमच्या विमानाले बी असंच असन. माह्या पोट्ट्यानं एक बाजू बांधली. दुसरी कोनं बांधली? पहिल्या पत्रात तू वारा लिहिला. माल सरकल्याची गोष्टच केली नाही. दुसऱ्या पत्रात तर डाक्टरच्या मांग लपला. खऱ्या मानसाले डाक्टर लागत नाही.

पोट्ट्याची पेटी खांद्यावर घेतली, त्याचं वजन अजून खांद्यावरच हाये. कमी वजन हाये म्हनून जास्त बोचते. तुह्या अंगावर मी तोच आकडा घेऊन येईन, समजलं का? राजकुमारच्या हाडात तो अडकला होता. तुह्यात नाही अडकनार.

आमच्या टोळीचा कायदा तुले मी माह्या तोंडानं सांगतला होता. गाठ मारनाऱ्यानं 'झालं' म्हटलं का कोनी हात लावत नाही. मंग त्या 'झालं'ची किंमत गाठ मारनाऱ्यानंच द्याची राह्यते. तू द्याले काऊन तयार नाही? दुसरी बाजू कोनाची होती? एका शब्दात लिही. नाव लिही.

सहदेव

•

देऊळगाव राजा
२४ फेब्रुवारी २०२५

बाबा,

माझी होती.

मला घरी सोडलं आहे. आई बाजूच्या खोलीत आहे, म्हणून लवकर लिहितोय. एकदा थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही.

विमानाच्या फरशीत लोखंडी कड्या असतात, त्यांत साखळ्यांचे हूक अडकवतात. डावी बाजू मी बांधली, आठ साखळ्या. डावीकडची शेवटची कडी वाकलेली होती, हूक बसेना. नियम असा, की विमान थांबवायचं आणि कडी बदलून घ्यायची. पण ढग खाली येत होते. साहेब दारातून दोनदा ओरडून गेले, "आत्ता निघालो नाही तर दोन दिवस अडकू." मी शेवटच्या दोन्ही साखळ्या एकाच कडीत अडकवल्या. अशी कडी एका साखळीचा ताण घेते, दोनचा नाही. मला माहीत होतं. नंतर कळलं की जनरेटरची टाकी डिझेलने भरलेली होती आणि कागदावर रिकाम्या टाकीचं वजन होतं. ते मला माहीत नव्हतं. पण कडीचं माहीत होतं.

प्रसेन तपासायला आला. उजवी बाजू त्याने स्वतः बांधली होती, तरी प्रत्येक साखळीला पुन्हा हिसका दिला. मग माझ्या बाजूला आला. पहिल्या साखळीला हात घालणार, तेवढ्यात थांबला. मला म्हणाला, "झालं?" मी म्हणालो, "झालं." तो हसला. म्हणाला, "तुझी गाठ आहे. हात लावला तर बाबा इथं येऊन फटका देतील."

आणि हात मागे घेतला. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर त्याने वाकून, हाताने चाचपून पाहिलं असतं. इतरांचं तो तसंच पाहायचा. माझंच पाहत नव्हता. दोन वर्षं पाहत नव्हता, तुमच्या गावाहून परत आल्यापासून. तो मला मान देत होता आणि मी तो मान त्या वाकड्या कडीवर टाकला.

विमान उठलं तेव्हा कडी फरशीतून उपटली. बंदुकीसारखा आवाज झाला. मग बाकीच्या साखळ्या एकेक करून तुटल्या. एक साखळी चाबकासारखी आली आणि समोरच्या शिपायाचा खालचा जबडा घेऊन गेली. तो तसाच बसून राहिला, डोळे उघडे. जनरेटर मागे घसरायला लागला.

मी तुम्हाला लिहिलं होतं, प्रसेनला काही कळलं नसेल. ते खोटं होतं. तो माझ्याजवळ, पुढे बसला होता. पट्टा सोडून तो उठला. जास्तीची साखळी घेऊन मागे धावला. धावता धावता ओरडला, "शेखर, कोणती कडी?"

कोणती सुटली ते त्याला माहीत नव्हतं, कारण त्याने पाहिलंच नव्हतं. मला माहीत होतं. मी बोललो नाही. बाबा, माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही. 'शेवटची' एवढा एक शब्द.

मग नाक वर गेलं. तीन टन त्याच्यावर गेले. मागच्या दाराशी त्याला दाबलं. छातीपासून खाली काही उरलं नाही. पेटी हलकी होती ती म्हणून. तोंड माझ्याकडे होतं आणि तो अजून उत्तराची वाट पाहत होता असं मला वाटतं, पण ते मला वाटतं, मी शपथेवर सांगू शकत नाही.

समितीसमोर मी दोनदा गेलो. दोनदा 'वारा' म्हणालो. अकरा मार्चला पुन्हा बोलावलं आहे. तिथे हे तोंडातून निघेल की नाही, मला सांगता येत नाही. म्हणून कागदावर लिहून तुमच्या हातात देतोय. जाळा, ठेवा, काहीही करा. आकडा घेऊन या, मी दार उघडेन.

शेखर

•

बीबी
४ मार्च २०२५

शेखर,

मी आलो होतो.

तुझं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं देऊळगाव राजाला उतरलो. पिशवीत भाकर होती अन् भाकरीखाली आकडा. तू पट्टी बदलायला दवाखान्यात गेला होतास. तुझ्या आईनं मला ओळखलं नाही. "पाहुणे, उन्हाचे आलात," म्हणून तांब्या पुढं केला. मी पाणी प्यायलो. पिशवी मांडीवरच होती. ती आपली बोलत राहिली, "पोरगा जेवायला बसतो, तर भाकर मोडायला दोन्ही हात पुढं करतो. मग एक हात नाही हे ध्यानात येतं, अन् ताट सारून उठतो. मी मोडून देते तर खात नाही." नाव विचारलं, तर मी म्हणालो, "मुकादम." ती उठली अन् माझ्या पायाला हात लावायला वाकली. "तुमच्या प्रसेनजितनं माझ्या पोराला दोन वर्षं सांभाळलं," म्हणाली.

मला तिथं बसवलं नाही. निघालो. तू मेला असतास तर मला बरं वाटलं असतं का, हे मी बीबीपर्यंत स्वतःला विचारत आलो. वाटलं असतं. थोडा वेळ. हे तुला कळावं म्हणून लिहितो, कारण तू माझ्यापासून काही लपवलं नाहीस.

पण एसटी सिंदखेडराजाच्या पुढं आली अन् तुझ्या पत्रातलं एक वाक्य माझ्या मानेवर येऊन बसलं. 'हात लावला तर बाबा फटका देतील.' शेखर, ते वाक्य माझ्या पोराचं नाही. ते माझं आहे. चाळीस वर्षं मी ते टोळीला शिकवलं, पोराला पाळण्यातून शिकवलं, अन् तुझ्या हातावर फटका मारून तुला शिकवलं. मला तो मान वाटायचा. गरीब माणसाकडं दुसरं काय असतं, त्याच्या गाठीवर जग भरवसा ठेवतं एवढीच त्याची इज्जत, असं मी सांगायचो. अन् त्याच इज्जतीपायी माझ्या पोरानं हात मागं घेतला. त्या वेळी कडीजवळ मीही उभा होतो, दोघांच्या मधी, फटका उगारून.

आकडा विहिरीत टाकला. मग राजकुमारच्या घरी गेलो. त्याचा हात अजून वर उचलत नाही. मी म्हणालो, "मारायचं असन तर मार." तो म्हणाला, "मुकादम, चहा घ्या आधी. या वेळेस रक्त नाही त्यात." त्या माणसाला मी मारलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाजारात टोळी गोळा केली. सांगितलं, "आजपासून एकमेकाच्या गाठीले हात लावाचा. ओढून पाहाचं. माह्या बी." सगळे खाली पाहू लागले. मी राजकुमारच्या ट्रकवर दोर आवळला अन् बाजूला सरकलो. एकही पुढं आला नाही. माझीच शिकवण माझ्यासमोर उभी राहिली अन् मला हलवता येईना.

आता महत्त्वाचं. तू पत्र माझ्या हातात दिलंस. जुन्या कायद्यानं मी ते तुला वापस पाठवलं असतं अन् लिहिलं असतं, तू अकरा तारखेला खरं बोलशील, माझा भरवसा आहे. तसं मी केलं नाही. तू 'बोलेन' म्हणशील, पण मी ओढून पाहणार. तुझं पत्र काल रजिस्टरनं समितीला पाठवलं. त्यासोबत माझं एक. त्यात मी लिहिलं की हा मुलगा खरं सांगतो, वाकडी कडी अन् दोन साखळ्या ही याची चूक. भरलेली टाकी कागदावर रिकामी दाखवली ती कोणाची चूक, ती तुम्ही शोधा. न तपासणं माझ्या पोराची चूक. अन् ती त्याला शिकवणारा मी, सहदेव मुकादम, राहणार बीबी. बोलवाल तर येतो. मयुरीला दोन्ही पत्रं आधी वाचून दाखवली. तिनं पाकिटावर पत्ता स्वतःच्या हातानं लिहिला.

तुझी नोकरी जाईल. कदाचित तुरुंगही लागेल. मला त्याचं वाईट वाटेल अन् तरी मी ते पाठवलं.

महामायेला सांगितलं. म्हणालो, "तुह्या बापानं विमान नाही पाडलं. त्यानं एक गोष्ट पाहाची राहून देल्ली, कारण आबानं त्याले पाहू नको म्हटलं होतं. अन् मंग ते थांबवाले तो एकटा मांग धावला." ती विचार करून म्हणाली, "मंग आबा, तू चुकला." म्हटलं, "हाव." दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. वर्गात सगळ्यांना सांगून आली म्हणे, माझा आबा चुकला. बाहुली परत मागते आहे. पाठव.

अकरा तारखेला जाऊन ये. बोल. वारा म्हणशील तर टेबलावर तुझंच अक्षर असेल.

त्यानंतर जेव्हा सुटशील, लगेच नाही तर चार वर्षांनी, तेव्हा बीबीला ये. मंगळवारी बाजार भरतो. मी असलो तर ट्रकवर दोर आवळून बाजूला उभा राहीन. टोळीतला कोणी माझ्या गाठीला हात लावत नाही, अन् ट्रक तसाच घाटाला जातो, मला झोप येत नाही. तुला एक हात आहे, तो पुरे. सगळ्यांसमोर ये, माझी गाठ धर अन् ओढ. ढिली निघाली तर मोठ्यानं बोल.

मी फटका देणार नाही.

सहदेव